कोन कोनाले धरून आहे

मी एकेचाळीस लग्न झालेल्या लेकी पुसून टाकल्या. एका ओळीत. आणि ती ओळ ज्या दिवशी चालू झाली त्या दिवशी गळ्यात हार घालून घेतला, नारळ फोडला, दोन पेढे खाल्ले.

नातवंडांसमोर मी फार शहाणी म्हातारी म्हणून वावरते, तेव्हा हे आधीच कबूल केलेलं बरं. घाबरू नका, बाया जिवंत होत्या. आपापल्या सासरी धान रोवत होत्या, सरपण आणत होत्या, जावांशी भांडत होत्या. पुसल्या गेल्या त्या आमच्या दवाखान्याच्या कॉम्प्युटरातून. पण आमच्या नर्सबाया त्या कॉम्प्युटरातून निघालेली यादी हातात घेऊनच गावोगाव फिरत. यादीत नाव नाही म्हणजे दारात नर्स नाही. दारात नर्स नाही म्हणजे गोळ्या नाहीत, तपासणी नाही. त्या एकेचाळीस जणींमध्ये एक सायत्रा होती. तिला सिकल सेल होता, आणि ती पोटुशी होती.

हे ज्यांनी शोधून काढलं त्यांनी जन्मात कधी कीबोर्डाला बोट लावलं नव्हतं. "माह्या बोटाले खळ रायते बाई, तुमच्या बटना चिकटतीन," असं म्हणायचे. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणत होतो. खरं नाव पगारपत्रकावर होतं, पण तिथेही ते वाचायची वेळ कोणावर आली नसावी.

चाचा आमच्या दवाखान्याच्या रेकॉर्ड रूमचे रखवालदार. मूळचे जिल्दसाज, म्हणजे वह्या-पुस्तकं बांधणारे. वडिलांचं बाजारपेठेत जिल्दीचं दुकान होतं. कचेरीच्या फायली, शाळेची हजेरी, कुराण, पोथ्या, तेंदूपत्त्याच्या वह्या, सगळ्यांना त्यांच्या घरची एकच सुई लागायची. ती सुई चाचांच्या सदऱ्याच्या कॉलरला कायम टोचलेली, आणि तिच्यात हातभर लाल दोरा. वॉर्डात कोणाच्या पायात काटा मोडला की लोक डॉक्टरांकडे न जाता चाचांकडे जायचे. चाचा काटा काढून द्यायचे, सुई स्पिरिटने पुसायचे आणि पेशंटला नाही, सुईला म्हणायचे, "माफ कर वो."

अकराच्या सुमाराला ते मागच्या व्हरांड्यात स्टोव्हवर मैद्याची खळ शिजवत. तिच्यात मोरचूद टाकत, म्हणजे वाळवी वहीला तोंड लावत नाही. ती निळसर, दाट खळ पातेल्यात रटरटायला लागली की पेशंटचे नातेवाईक वाट्या घेऊन उभे राहायचे. शेवटी चाचांनी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं, 'ही खीर नाही.' त्यानंतर गर्दी वाढली. जे आधी बघत नव्हते तेही येऊन बघायला लागले.

आणखी एक खोड. चाचा आजचं वर्तमानपत्र वाचत नसत. कालचं वाचत. आजचं समोर पडलेलं असलं तरी त्याच्यावर डबा ठेवायचे आणि खालून कालचं ओढून काढायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "आजची बातमी कच्ची रायते बाई. एक रात सुकू द्या. उद्या जे उरलं ते खरं." मी हसले होते. तेव्हा मी पुष्कळ गोष्टींना हसत होते.

आता माझ्याबद्दल. मी पंचेचाळीसची होते. नातवंड नव्हतं आणि अक्कलही नव्हती, दोन्ही पुढे जवळजवळ एकदमच आली. माहेर चिमूरचं, सासर चंद्रपूरचं. नागपुरात राहून कॉम्प्युटरचा मोठा कोर्स केलेला. त्या कोर्सानंतर मी 'मले-तुले' सोडून दिलं, गळ्यात चष्म्याची साखळी अडकवली आणि दर तिसऱ्या वाक्यात 'सिस्टीम' म्हणायला लागले. कुरखेड्याच्या बाजूच्या एका छोट्या दवाखान्याने मला त्यांची सिस्टीम करायला बोलावलं. दवाखान्याचं नाव सांगत नाही. चूक त्यांची नव्हती, माझी होती.

आमच्याकडे बऱ्याच घरांत हा रक्ताचा आजार असतो. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, कुठेतरी अडकतात, आणि हाडं अशी दुखतात की धडधाकट माणूस लहान पोरासारखं रडतं. जन्माचा सोबती. त्यात बाई पोटुशी असली तर डोळ्यात तेल घालून बघावं लागतं. म्हणून कोणत्या गावात, कोणत्या घरात, कोणाला हा आजार आहे याची नोंद दवाखाना ठेवत असे. माझ्या येण्याआधी ती नोंद चाचांच्या वह्यांत होती.

त्या वह्या म्हणजे एक प्रकरण होतं. गावागणिक एक वही, घरागणिक एक पान. लेकीचं लग्न झालं की चाचा तिचं नाव खोडत नसत. तिच्या नावापाशी सुई टोचून लाल दोरा काढायचे, तो वहीच्या पाठीतून बाहेर आणायचे, शेजारच्या फळीवरल्या सासरच्या गावच्या वहीत घालायचे आणि नवऱ्याच्या पानावर गाठ मारायचे. दोन्ही टोकांना कागदाची चिठ्ठी: कोणाची, कुठे दिली. त्यामुळे फळ्यांवरून लाल दोरे लोंबत असत, आणि एक वही ओढली की दुसरी मागून यायची. एकदा मोठ्या डॉक्टरांनी घाईत वैनगंगेच्या अलीकडच्या एका गावाची वही खेचली, तर पलीकडची तीन गावं त्यांच्या डोक्यावर पडली. डॉक्टर चिडले. चाचा खाली पडलेल्या वह्या गोळा करत शांतपणे म्हणाले, "साहेब, ओढायच्या आगोदर पाहाव लागते ना, कोन कोनाले धरून आहे."

हे त्यांचं पालुपद. पंखा कुरकुरला, हेच. डॉक्टर आणि मोठ्या सिस्टरचं वाजलं, हेच. कोणाची सोयरीक मोडली, हेच. "पाह्यलं पायजे, कोन कोनाले धरून आहे." मला वाटायचं, माणूस म्हातारा झाला की एक वाक्य उरतं आणि तेच सगळीकडे वापरावं लागतं.

मी मात्र शास्त्रशुद्ध रचना केली. गावाच्या पोटात घरं, घराच्या पोटात माणसं, माणसाच्या पोटात त्याच्या तपासण्या. डब्यात डबा. घर सेव्ह केलं की आतलं सगळं आपोआप सेव्ह, घर काढलं की आतलं सगळं आपोआप जाणार. आणि या सगळ्यावर कळस म्हणून मी एक ओळ लिहिली. तिचा मराठीत अर्थ असा: जो घराच्या यादीतून निघेल तो अनाथ समज, आणि अनाथ दिसला की पुसून टाक. कोर्सात शिकवलं होतं की या ओळीने डेटाबेसात कचरा साचत नाही. मला ती ओळ इतकी आवडली की मी ती तीन ठिकाणी घातली.

माझा हिशेब सोपा होता. माणूस घरातून कसा निघतो? मरून. भाऊ-भाऊ वेगळे झाले तर? त्यासाठी मी स्वतंत्र बटण केलं होतं, भाऊबंदकीचा मला घरचा अनुभव होता. लेकी लग्न होऊन निघतात हे मी विसरले नव्हते. त्यासाठीही बटण होतं, 'विवाह' नावाचं. ते दाबलं की लेक बापाच्या घरातून निघायची आणि नवऱ्याच्या घरात बसायची. फक्त ती निघत होती आधी आणि बसत होती नंतर. मधल्या त्या टिचकीभर वेळात ती कुठल्याच घरात नव्हती, म्हणजे अनाथ होती, आणि अनाथाचं काय करायचं ते मीच यंत्राला शिकवून ठेवलं होतं.

यंत्राने मला सांगितलं नाही असं नाही. उद्घाटनाच्या दिवशी सकाळी मी 'विवाह' दाबून बघितलं तर पडद्यावर लालभडक एरर आली. तिचा भावार्थ: बाई, तुम्ही ज्या माणसाला या घरात ठेवायला सांगताय त्याला मी आत्ताच पुसलंय, आता आणू कुठून? दुपारी दोनला पाहुणे येणार होते. मांडव घातला होता. मी काय केलं? एरर पडद्यावर येऊच नये, मागच्या एका फाईलीत गुपचूप लिहिली जावी, अशी व्यवस्था केली. ती फाईल नंतर सवडीने बघू म्हटलं. म्हणजे यंत्राच्या तोंडात बोळा कोंबला आणि केसांत गजरा माळला.

कार्यक्रम झोकात झाला. टाळ्या झाल्या. चाचा शेवटच्या रांगेत उभे होते. सगळे चहाकडे वळल्यावर माझ्याजवळ आले.

"बाई, पोरगी देली त थे तुमच्या मशिनीत कुठी जाते?"

"या घरातून निघते आणि त्या घरात जाते, चाचा."

"अन मधात कोन धरते?"

"मध्ये कोणी धरायची गरज नाही. क्षणाचं काम आहे ते."

चाचांनी कॉलरची सुई चाचपली. "क्षणातच त पान फाटते, बाई," म्हणाले, आणि पेढा न घेता गेले. चाचांना गोड चालत नव्हतं, म्हणून मी ते मनाला लावून घेतलं नाही.

पुढच्याच आठवड्यात मी वर एक चिठ्ठी लिहिली, की जुन्या वह्यांची आता आवश्यकता नाही, त्या काढून टाकाव्यात. 'आवश्यकता' हा शब्द लिहिताना मला फार बरं वाटलं होतं. चाचा म्हणाले, मले पुठ्ठ्याले होतीन. वह्या मागच्या कोठीत गेल्या. त्यांच्यावर घोंगडी टाकलेली असे. मला वाटलं धूळ बसू नये म्हणून. पुढे कळलं की घोंगडीखाली काम चालूच होतं. नर्सबाया फिरतीवरून आल्या की यादी माझ्या टेबलावर टाकत आणि चहा प्यायला चाचांकडे जात. कोणाची सोयरीक जमली, कोणाचं लग्न लागलं, कोण घरजावई राहिला, हे सगळं चहाबरोबर तिथे ओतलं जायचं. चाचा ऐकत आणि घोंगडीखाली दोरा ओवत.

उन्हाळ्यात लग्नं झाली. नर्सबायांनी रीतसर 'विवाह' दाबलं. पावसाळा गेला, धान कापणीला आलं, दिवाळी झाली. सिस्टीम सुरळीत चालली होती. कुठून तक्रार नाही. नसणारच, तक्रार करायला यादीत असावं लागतं.

आणि एका दुपारी चाचा माझ्या टेबलाशी आले. हातात लाल दोऱ्याचं टोक, टोकाला चिठ्ठी.

"बाई, हे सायत्रा कुठी आहे?"

मी टकटक केलं. "बापाच्या घरात नाही. लग्न झालंय ना तिचं?"

"हो ना, झालं. चिमूरकडे देली. नवऱ्याच्या घरी पाहा."

मी पाहिलं. नवरा होता, सासू होती, दीर होता. सायत्रा नव्हती.

"नर्सबाईने भरलं नसेल," मी म्हणाले. ही माझी दुसरी चूक, पहिलीपेक्षा वाईट. पहिली अडाणीपणाची होती, ही उद्धटपणाची. सायत्राच्या माहेरच्या गावाची नर्सबाई तेव्हा तिथेच उभी होती. तिने माझ्याकडे असं पाहिलं की आजही आठवलं की मी चष्मा पुसते.

"तुम्हाला कसं कळलं पण?" मी चाचांना विचारलं.

तर झालं होतं असं. नर्सबायांच्या याद्या महिना संपला की रद्दीत जात, आणि रद्दी चाचांकडे. एका बाजूने कोरा कागद, अस्तराला उत्तम. आता चाचांना शिळं छापील दिसलं की वाचल्याशिवाय राहवत नसे. खळ लावता लावता त्यांनी मार्चची यादी वाचली, एप्रिलची वाचली, मेची वाचली. "एप्रिलात सायत्रा आहे. मेपासून नाई. ना हिकडे ना तिकडे. मले वाटलं, आज येईन, उद्या येईन. कच्ची बातमी असन. पन सहा महिने सुकली बाई, अन नावच नाई."

आम्ही सगळे ताजी यादी बघत होतो. ताज्या यादीत जे नाही ते नाहीच. काय नाहीसं झालं ते फक्त शिळं वाचणाऱ्याला दिसणार होतं.

मी तरी हट्ट सोडला नाही. एखादी चुकून राहते, म्हटलं. चाचा कोठीत गेले आणि दुसरा दोरा घेऊन आले. मग तिसरा. मग कंटाळून घोंगडीसकट सगळा गठ्ठाच उचलून आणला आणि माझ्या कीबोर्डावर ठेवला. पडद्यावर 'ककककक' उमटत राहिलं.

"चाचा, अहो हे काय करताय!"

"तुमच्या मशिनीत पान कसं लावता, मले नाई समजत. माह्यावालं दाखवतो." त्यांनी आठ कोरे कागद एकात एक घालून मधोमध दुमडले. सोळा पानांची वही झाली, अजून न शिवलेली. "तिसरं पान ओढा."

मी ओढलं. तिसरं पान हातात आलं, आणि वहीच्या दुसऱ्या टोकाचं चौदावंही.

"तुमी तिसरंच मांगितलं होतं ना? मंग चौदावं काऊन आलं?"

"कारण कागद एकच आहे."

"बस. कोन कोनाले धरून आहे पाह्यल्याबिगर मी पान काढत नाई. पोरगी देली त आगोदर तिकडच्या वहीत गाठ मारतो, मंग हिकडचा दोरा ढिला करतो. तुमची मशीन आगोदर काय करते?"

मी सांगितलं, "आधी सोडते."

तरीही खात्री हवी होती. बघायचं तर खोटं नाव घालून बघायचं. पण गडबडीत दुसरं नाव सुचेना, म्हणून मी स्वतःलाच घातलं. चिमूरला वडलांचं घर केलं, त्यात आई, दोन भाऊ आणि मी. चंद्रपूरला नवऱ्याचं घर. माझ्या पोटात एक खोटी तपासणीही टाकली. आणि 'विवाह' दाबलं.

माहेरी पाहिलं. आई होती, भाऊ होते. सासरी पाहिलं. सासूबाई होत्या, नवरा होता. मी नव्हते. माझी तपासणीही माझ्याबरोबर सती गेली होती.

चाचा पडद्याकडे वाकून बघत होते. "गेल्या?"

"गेले."

"बसा मंग. चाय आनतो."

लग्नात सासरच्यांनी माझं पाळण्यातलं नावसुद्धा बदललं होतं. चंद्रपूरला आल्यावर पहिले सहा महिने कोणी हाक मारली की मी ओ द्यायची विसरत असे. आणि तीच मी, पंचवीस वर्षांनंतर, लेक उंबरा ओलांडताना पुसून टाकणारी ओळ लिहिते, आणि तिला स्वच्छता म्हणते! सासूबाईंना कळलं असतं तर त्यांनी प्रथमच माझं कौतुक केलं असतं.

चहा येईपर्यंत मी ती मागची फाईल उघडली. आठ-नऊ महिन्यांत पहिल्यांदा. यंत्र बिचारं प्रत्येक वेळी ओरडलं होतं. एकाखाली एक, माझी आत्ताची सोडली तर त्रेचाळीस ओळी. एकेचाळीस लेकी आणि दोन घरजावई. घरजावयांचं तेव्हाही कोणी फार मनाला लावून घेतलं नाही.

नर्सबाई माझ्या खांद्यावरून ती यादी वाचत होती. सायत्राच्या नावावर तिचं बोट थांबलं. "बाई," ती म्हणाली, "हिची माय मले मंगळवारच्या बाजारात भेटली होती. म्हने, सायत्राले सहावा लागला. मले वाटलं, तिकडची नर्स पाहून राह्यली असन."

तिकडची नर्स यादी बघत होती. यादी मी केली होती.

आम्ही चहा तसाच टाकला. जीप निघाली तेव्हा चाचा मागच्या सीटवर आधीच बसलेले, मांडीवर दोन वह्या, मध्ये दोरा. ड्रायव्हर म्हणाला, "चाचा, तुमी काऊन?" चाचा म्हणाले, "पत्ता माह्याजवळ आहे." खरंच होतं. माझ्या सिस्टीमीत तिचा पत्ताच नव्हता. तिला पुसताना तिच्यासकट तो गेला होता. वैनगंगेच्या पुलावर वारा सुटला तेव्हा चाचांनी दोऱ्यावर तळहात ठेवला, एखाद्याच्या डोक्यावर ठेवावा तसा.

सायत्रा अंगणात बाजेवर पडली होती. डोळे हळदीसारखे पिवळे, पाय सुजलेले. सासू विटेचा तुकडा तापवून फडक्यातून तिच्या मांड्या शेकत होती. आम्हाला बघून सासू उठली नाही. म्हणाली, "कोन पायजे?"

मी सिस्टीम, नोंद, तांत्रिक अडचण असं काहीतरी सुरू केलं. चाचांनी मला बाजूला सारलं आणि वही उघडून तिच्यापुढे धरली. "माय, तुमची सून आमच्या वहीत आहे. आमाले याले उशीर झाला."

"लय उशीर झाला," सासू म्हणाली. "हे सायत्रा म्हने, माह्या दवाखान्याची बाई येईन, गोळ्या आनन. रोज रस्त्यावर जाऊन बसे. पंधरा दिवसांपासून बसनंबी होत नाई."

परतीच्या वाटेवर नर्सबाई सायत्राचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मी पुढच्या सीटवर बसले होते, आणि इतका वेळ 'सिस्टीम' न म्हणता राहण्याचा माझा तो पहिला प्रसंग.

रक्त चढवावं लागलं. तीन दिवस डॉक्टरांच्या कपाळावरची आठी हलली नाही. त्या तीन दिवसांत मी आणि चाचा रेकॉर्ड रूममध्ये समोरासमोर बसून काम केलं. ती ओळ मी तिन्ही ठिकाणांहून काढली. माणसाला घराच्या पोटातून बाहेर काढलं आणि त्याचं स्वतःचं पान केलं. घराशी त्याला फक्त बांधलं, चाचांच्या भाषेत, दोऱ्याने. आधी तिकडे गाठ, मग इकडे ढिलं. घर राहो, जावो, माणूस आपल्या पानावर. मग चाचा चिठ्ठ्या वाचत गेले आणि मी एकेकीला परत आणत गेले. नावं वाचताना ते नुसतं नाव वाचत नसत. "हे थे, जिची माय मोठी भांडखोर." "हे शाळेत धावाले पहिली येत होती." मी म्हटलं, चाचा, त्याला रकाना नाही. ते म्हणाले, "मशिनीसाठी नाई सांगत. तुमच्यासाठी सांगतो."

आणि यंत्राच्या तोंडातला बोळाही काढला. त्यानंतर ते रोज काही ना काही ओरडायचं आणि मी रोज उठून बघायचे. घरी सून म्हणते, आई, तुम्ही कुकरच्या पहिल्या शिट्टीला कशाला धावता? सवय.

झाल्या प्रकाराची बैठक झाली तेव्हा मी उभी राहून सगळं सांगितलं, बोळ्यासकट. मोठ्या डॉक्टरांनी चाचांना विचारलं, तुम्हाला काय हवं? मला वाटलं, आता म्हातारा माझ्यावर काहीतरी ठेवून देणार. चाचा म्हणाले, "वह्यांले फळी पायजे. घोंगडीखाली मान दुखते." फळी मिळाली. पुढे दोन वर्षांनी ते नोकरीतून सुटले, घरच्या दुकानात बसायला लागले, आणि मी कधी गेले की कालचं वर्तमानपत्र सरकवून मला बसायला जागा करायचे. चाचा वारले तेव्हा मला दुसऱ्या दिवशी कळलं. वाटलं, बरोबर आहे. त्यांची बातमीसुद्धा एक रात्र सुकूनच आली.

माझी नात आता अकरावीत कॉम्प्युटर शिकते. हे सगळं ऐकून म्हणाली, "आजी, एवढी साधी चूक?" मी म्हटलं, हो गं, साधीच. अवघड चूक करायला हुशारी लागते.

पण सायत्राचं राहिलं. चौथ्या दिवशी तिच्या डोळ्यांतला पिवळेपणा जरा उतरला, पोटातलं लेकरूही ठीक होतं. ती उशीला टेकून बसली होती, पेजेची वाटी हातात. चाचा स्टुलावर बसून तिच्या सासरच्या गावच्या वहीला नवा पुठ्ठा लावत होते. मी गेले, आणि उभ्याउभ्याच तिची माफी मागितली. शुद्ध मराठीत नाही. तोंडातून आपसूक माहेरची बोली निघाली. सगळं खरं सांगितलं: मशिनीनं तुले बापाच्या घरून काढलं, नवऱ्याच्या घरी बसवाच्या आगोदर पुसून टाकलं, अन मशिनीले हे मीच शिकवलं.

सायत्राने शांतपणे ऐकून घेतलं. पेजेचा एक घोट घेतला. माझ्याकडे पाहिलं, मग चाचांच्या हातातल्या दोऱ्याकडे पाहिलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

"म्हंजे बाई, बापाच्या घरून त मी निघाली, अन नवऱ्याच्या घरी तुमी मले पोचूच नाई देली. मंग इतके दिवस मी होती कुठी, या चाचाच्या दोऱ्यावर वाळत?"